धोक्याच्या काळातील नागरी स्वातंत्र्य व राजकीय सहिष्णुता

आपल्याला घातक किंवा तिरस्करणीय वाटणारे मत मांडण्याचा, त्यासाठी सभा भरविण्याचा व संघटना बांधण्याचा इतरांचा हक्क मान्य करण्याची वृत्ती म्हणजे राजकीय सहिष्णुता होय. ज्याच्याशी आपले काही वाकडे नाही त्याला बोलू देणे ही सहिष्णुता नव्हे. युद्ध, दंगल किंवा दहशतवादी हल्ला यांमुळे धोका उंबरठ्याशी आल्यासारखे वाटू लागले की या हक्कांविषयीचे लोकमत कसे पालटते, हा राज्यशास्त्राच्या व सामाजिक मानसशास्त्राच्या अभ्यासाचा विषय आहे.

या अभ्यासाचा पाया अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ सॅम्युअल स्टाउफर यांच्या १९५४ च्या पाहणीने घातला. कम्युनिस्टाला आपल्या गावात भाषण करू देण्यास बहुसंख्य उत्तरदात्यांचा विरोध होता, मात्र ‘तुम्हाला कशाची काळजी वाटते?’ या खुल्या प्रश्नावर कम्युनिस्टांचे नाव घेणारे शेकडा एकही भरले नाहीत. तत्त्व म्हणून भाषणस्वातंत्र्य जवळजवळ सर्वांना मान्य असते आणि प्रत्यक्ष प्रसंग पुढे ठेवताच ही एकवाक्यता विरघळते, हे १९६० मध्ये प्रोथ्रो व ग्रिग यांनी दाखविले. पुढे सलिव्हन, पिअरसन व मार्कस यांनी उत्तरदात्यालाच त्याचा सर्वांत नावडता गट निवडू दिला. तेव्हा, १९५४ नंतर वाढल्यासारखी वाटणारी सहिष्णुता बऱ्याच अंशी द्वेषाचे लक्ष्य बदलल्याचा परिणाम होती, असे आढळले. अमेरिकेवरील २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर तेथे झालेल्या पाहण्यांत, धोक्याची जाणीव जितकी तीव्र तितकी सुरक्षिततेसाठी हक्क सोडण्याची तयारी अधिक, आणि सरकारवर विश्वास असणाऱ्यांत ती आणखी जास्त, असे दिसले.

या सर्व पाहण्या नागरिकांची भीती मोजतात. राज्यकर्त्यांची भीती त्यांच्या मापात सापडत नाही. ती पाहण्यासाठी १९३० चे सोलापूर उपयोगी पडते. गांधीजींच्या अटकेनंतर गिरणी कामगारांनी काम थांबविले, शिंदीची झाडे तोडण्याच्या सत्याग्रहावरून ८ मे रोजी गोळीबार झाला, शंकर शिवदारे मृत्युमुखी पडले, आणि पुढील काही दिवस शहरात सरकारी अंमल जवळपास उरला नाही. १२ मे ते ३० जून लष्करी कायदा लागू होता. या काळात गांधी टोपी हाच बंडखोरीचा पुरावा ठरला: एरवी गिरणीच्या पाळीला जाताना सहज डोक्यावर चढणारे खादीचे हे वस्त्र रस्त्यात उतरवून घेतले जाई, आणि तिरंगा हाती धरणे शिक्षेस पात्र होते. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. शहराने त्यांना हुतात्मे मानले. एका बाजूचा धोका दुसऱ्या बाजूचा सत्याग्रह होता, आणि ‘धोका’ हा शब्द वापरण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावर बरेच काही ठरते.

भारतात या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर आणीबाणीच्या (१९७५–७७) अनुभवातून आले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणी जाहीर करण्याविषयीच्या अनुच्छेद ३५२ मधील ‘अंतर्गत अशांतता’ या सैल कारणाऐवजी ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले आणि अनुच्छेद २० (शिक्षेबाबतचे संरक्षण) व २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) खालील हक्क आणीबाणीतही अंमलबजावणीपासून रोखता येणार नाहीत, अशी तरतूद केली. आणीबाणीच्या घोषणेला संसदेची मंजुरी आता एका महिन्यात व विशेष बहुमताने मिळावी लागते. लोकमताच्या तात्कालिक लाटेपुढे ही अट किती टिकेल, याची परीक्षा अद्याप झालेली नाही.