एसीचा गॅस दरवर्षी 'संपत' नाही

मार्च उजाडला की कोथरूडपासून हडपसरपर्यंत तेच ऐकू येतं: "गॅस संपलाय, दरवर्षी भरावाच लागतो." हे साफ चुकीचं आहे. एसीतला गॅस गाडीच्या पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला असेल तर गळती आहे, बरेचदा तांब्याच्या नळीच्या फ्लेअर नटपाशी, म्हणजे नळी जिथे जोडलेली असते त्या नटपाशी. तिथे साबणाचा फेस लावला की बुडबुडे दिसतात. आधी गळती बंद करायची, मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा आणि ओलावा काढणं, मग वजन करून गॅस. मेकॅनिक नुसताच भरू लागला तर त्याला थांबवा. कारण तो गॅस पुन्हा हवेतच जाणार, आणि १०० वर्षांच्या हिशेबात आर-४१०ए हा एसीतला गॅस तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट उष्णता वाढवतो, आर-३२ हा दुसरा गॅस सुमारे ६७५ पट. काही एसींत आर-२९० असतो, म्हणजे प्रोपेन, त्याचा परिणाम नगण्य. मात्र तो ज्वलनशील, म्हणून बसवणारा प्रशिक्षितच हवा. नवा एसी घेताना स्टारवर थांबू नका, लेबलवरचा आयएसईईआर आकडा (विजेच्या मानाने गारवा किती ते सांगणारा, जास्त तितका चांगला) आणि गॅसचं नावही वाचा.

आणि हो, गारवा कमी वाटला तर आधी फिल्टर धुऊन बघा. शेजारी बांधकाम चालू असेल, तर बहुधा तोच धुळीने तुंबलेला असतो.