लघुसैन्य संग्रह आणि बेसिंग (आरंभिक आधुनिक काळ)

टेबलावर लढाईचा खेळ खेळायला धातूच्या, प्लास्टिकच्या नाहीतर रेझिनच्या बोटभर किंवा त्याहून छोट्या सैनिकांची फौज जमवायची, रंगवायची आणि ठरलेल्या मापाच्या पातळ तुकड्यांवर चिकटवायची असा हा छंद. त्या तुकड्याला बेस म्हणतात आणि चिकटवून, माती-गवत लावून तो पुरा करण्याच्या कामाला बेसिंग. ही नोंद भाला, तोड्याची (जळत्या वातीने उडणारी) बंदूक, तोफ आणि घोडदळ एकाच मैदानात असायचं त्या काळापुरतीच आहे. फासे कसे टाकायचे, किती इंच चालायचं हे ज्या त्या नियमावलीत असतं, इथे त्यात शिरलेलो नाही.

कालमर्यादा

युरोपातले खेळाडू हा काळ साधारण १४९४ पासून धरतात, त्या वर्षी फ्रान्सचा आठवा चार्ल्स इटलीत उतरला, आणि १७०० च्या आसपास सोडतात कारण तोवर चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने उडणारी) बंदूक आणि तिच्या तोंडावर संगीन आली नि भालाइत रिकामा झाला. हिंदुस्थानला ही चौकट नीट बसत नाही. आपल्याकडे सुरुवात बहुतेक जण १५२६ च्या पानिपतापासून करतात, त्याला फारशी हरकतही नाही, वाद आहे तो शेवटाचा. कोणी १७६१ म्हणतं, कोणी थेट १८१८. तोड्याची बंदूक इकडे अठराव्या शतकातही भरपूर चालत होती, म्हणून १७०० ला रेघ मारणं तर चूकच. कवायती पायदळ कधी आलं हे बघून रेघ मारावी हे मत जास्त पटण्यासारखं आहे, कारण बेसवर सैनिक कसे उभे करायचे ते तिथे बदलतं: पानिपतावर मराठ्यांकडून लढलेल्या इब्राहिमखानाचे गारदी, म्हणजे कवायती बंदूकवाले, आणि १७८४ ला महादजी शिंद्यांच्या चाकरीत आलेल्या द बॉयन या युरोपियन सरदाराने उभी केलेली पलटणं. त्यापुढची फौज रंगवायला मजा येते पण तो वेगळाच खेळ झाला.

उगम

उगमाबद्दल जरा गोंधळ आहे कारण दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या जातात. एक, लष्करी अभ्यासाचा खेळ: ब्रुन्सविकच्या हेलविगने १७८० मध्ये बुद्धिबळाच्या धर्तीवर केलेला, मग प्रशियात (राजधानी बर्लिन) थोरल्या राइसविट्झने १८१२ च्या सुमारास राजाला दाखवलेला आणि त्याच्या मुलाने १८२४ मध्ये नकाशावर आणलेला. राइसविट्झ बापलेकांच्या खेळात सैनिक नव्हतेच, ठोकळे होते, एक ठोकळा म्हणजे एक पलटण किंवा तिचा भाग. दुसरी गोष्ट, खेळण्यातले शिपाई: अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात न्युरेंबर्गच्या हिल्पर्टकडचे कथलाचे चपटे शिपाई, पुढे १८४८ च्या सुमारास हाइनरिक्सनने रूढ केलेलं ३० मिमीच्या आसपासचं माप, १८९३ मध्ये लंडनच्या ब्रिटन्स कंपनीचे आतून पोकळ शिपाई. १९१३ मध्ये इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्सने याच शिपायांवर स्प्रिंगच्या तोफेने काड्या उडवायचे नियम छापले म्हणून पुष्कळ ठिकाणी त्यालाच जनक ठरवून मोकळे होतात. पण वेल्सचा प्रत्येक शिपाई सुटा उभा राहायचा आणि सुटाच पडायचा. तीन-चार शिपाई एका तुकड्यावर चिकटवून तो तुकडाच एक पथक मानायचा, ही कल्पना खरं तर राइसविट्झच्या ठोकळ्याची, फक्त ठोकळ्यावर माणसं चढली. म्हणजे आजच्या बेसचं घराणं शोधायचं तर लंडनच्या दुकानापेक्षा बर्लिनकडे बघावं लागतं.

आजची मापं त्या मानाने अलीकडची. इंग्लंडमध्ये १९६९ मध्ये सुरू झालेल्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने २५ मिमीच्या सैनिकांना ६० मिमी रुंदीचा आणि १५ मिमीच्या सैनिकांना ४० मिमी रुंदीचा बेस रूढ केला. मूळ नियम प्राचीन काळासाठी होते पण मापं भाला-बंदुकीच्या काळालाही चिकटली, आणि १९९० मध्ये आलेल्या डीबीए या नियमावलीने (एका बाजूला फक्त १२ बेस) ती घरोघरी नेली.

मुंबईत या विषयावर बोलायला लागलं की कोणीतरी दिवाळीचा किल्ला काढतंच. गिरगाव, दादर, लालबागपासून डोंबिवलीपर्यंत मुलं माती-दगडांचे किल्ले करतात, त्यावर अळीव नाहीतर मोहरी पेरतात, मातीचे मावळे मांडतात आणि सिंहासनावरचे महाराज बुरुजापेक्षा मोठे असले तरी कोणाला काही वाटत नाही. ही प्रथा थेट शिवकाळापासूनची असं सांगितलं जातं. १८९० च्या दशकात टिळकांनी शिवउत्सव सुरू केला त्याच्या आगेमागे ती या रूपात रुजली असावी हे मत जास्त सावध आणि बहुधा जास्त बरोबर. टेबलावरच्या खेळाशी तिचं नातं उगमाचं नाही, किल्ल्यावरचे मावळे हलत नाहीत, त्यांच्यामागे नियम नाहीत. पण मुंबईतले बरेच जण या छंदात त्या मातीच्या मावळ्यांपासूनच आलेत आणि हात तिथेच तयार झालेला असतो, हे मान्य करायला हवं.

मापं

सैनिकाचं माप मिमीमध्ये सांगतात: २८, १५, १०, ६. पण कुठून कुठवर? काही कंपन्या तळपायापासून डोक्यापर्यंत मोजतात, काही तळपायापासून डोळ्यापर्यंत. पगडी, मंदिल, शिरस्त्राण घातलेल्या फौजेत डोक्याचा माथा सापडतच नाही, त्यामुळे आपल्या विषयाला डोळ्यापर्यंतचं माप जास्त सोयीचं. त्यात वर्षानुवर्षं शिपाई फुगत आलेत, पूर्वीचा २५ चा आता २८ झालाय आणि १५ च्या नावाखाली १८ चा विकला जातो, त्यामुळे दोन कंपन्यांचे १५ मिमी एकाच बेसवर शेजारी लावले तर एक मोठा भाऊ आणि एक धाकटा दिसतो. घोड्यांमध्ये हा फरक आणखीच बोचतो.

आधी बेस, मग फौज

नवीन माणूस आधी आवडेल ती पाकिटं घेतो आणि मग बेसचा विचार करतो, हे उलटं आहे. एका बेसवर किती शिपाई आणि तो बेस खऱ्या किती माणसांच्या जागी उभा, हे ठरल्याशिवाय किती पाकिटं लागणार ते कळूच शकत नाही. युरोपच्या तीस वर्षांच्या युद्धासाठी (१६१८ ते १६४८) हे सोपं आहे, मध्ये भालाइत आणि दोन्ही अंगांना बंदूकवाले, सुरुवातीला साधारण निम्मे-निम्मे आणि पुढे दोन बंदूकवाल्यांमागे एक भालाइत. ६ मिमीमध्ये अशी अख्खी रेजिमेंट ६० बाय ३० मिमीच्या एकाच बेसवर मावते.

मराठी फौजेसाठी आधार घ्यायचा तो सभासद बखरीचा. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला लिहिलेली ही बखर, साल काही जण १६९४ देतात, १६९७ जास्त मान्य आहे. म्हणजे ती शिवकाळाच्या नंतरची, आठवणीतून लिहिलेली, तरी लष्करी रचनेबद्दल तिच्याइतकं जवळचं आणि नेमकं क्वचितच मिळतं. पागेत २५ बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. म्हणजे हवाला २५ चा, जुमला १२५ चा आणि हजारी नाव असलं तरी प्रत्यक्षात १२५० स्वार. २५ घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद (घोड्याला नाल मारणारा), हे दोघे बेसवर कुठेतरी यायलाच हवेत असं प्रस्तुत लेखकाचं आग्रही मत आहे, पखाल घेतलेला माणूस शिपायांच्या पाकिटात मिळत नाही तर पुट्टीने बनवावा. पायदळात नाईकाच्या हाताखाली नऊ पाईक (पायी शिपाई), पाच नाईकांवर हवालदार, दोन किंवा तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी.

आता हे बेसवर कसं आणायचं? एक बेस म्हणजे एक हवाला धरला तर तीन घोडेस्वारांचा बेस २५ स्वारांचा, जुमल्याला पाच बेस आणि हजारीला ५० बेस, म्हणजे १५० घोडे रंगवायचे. उंबरखिंडीसारख्या (१६६१) अरुंद जागेतल्या लढाईला किंवा छाप्याला हे चालतं, मोकळ्या मैदानात नाही. एक बेस म्हणजे एक जुमला धरला की गणित सुटतं, दहा बेस, ३० घोडे, एक हजारी पूर्ण. आणि गंमत अशी की पायदळाचा जुमलाही नाईक धरून १०० ते १५० चाच येतो, त्यामुळे घोडदळ आणि पायदळ दोघांनाही एकच प्रमाण लावता येतं, जे युरोपच्या फौजांमध्ये एवढं सहज जमत नाही. साल्हेरची लढाई (१६७२) उभी करायची तर जुमल्याचाच बेस घ्यावा. प्रत्यक्षात जुमले कधी पूर्ण भरलेले नसणार हा आक्षेप रास्त आहे, पण तो सगळ्याच फौजांना लागू होतो.

उभं करण्याची पद्धतही सैन्यागणिक बदलते. मावळे ४० बाय २० मिमीच्या बेसवर तिघेच, तिरकस, एकाचा पाय दगडावर. चौघांना एका ओळीत खेटून उभं केलं की ते मावळे राहत नाहीत, गारदी होतात. गारद्यांना मात्र १५ मिमी खोलीच्या बेसवर सरळ रांगच हवी. अब्दालीचे जंबुरक, म्हणजे उंटावरच्या फिरत्या तोफा, यांना खोल बेस लागतो, उंट दोन पुरे, तिसरा कोंबला की बेस शेजारच्याशी जुळत नाही.

मुंबईत

जागा हा पहिला प्रश्न. २८ मिमीच्या खेळाला सहा बाय चार फुटांचं टेबल लागतं, वन बीएचकेमध्ये तेवढं टेबल टाकलं की घरच्यांनी कुठे बसायचं? म्हणून इथे १५, १० आणि ६ मिमीच जास्त शहाणपणाचं, दोन फुटी चौकोनी बोर्ड कपाटामागे सरकतो आणि डबा सॅकमध्ये घालून लोकलने नेता येतो (संध्याकाळी सहाच्या फास्टने नेऊ नये). दुसरा प्रश्न आयातीचा. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०, शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) प्रमाणपत्राचं बंधन आहे, त्यामुळे पार्सल खेळणी म्हणून धरलं गेलं तर मालापेक्षा कटकट मोठी. त्यात मुघल तुलनेने सहज मिळतात, १८०३ च्या असईच्या लढाईतले मराठेही मिळतात, सतराव्या शतकातले कमी, मग मुंडकी बदलायची. थ्रीडी प्रिंटिंगने हे बरंच सोपं केलंय. रेझिनचे भाले मात्र काडकन मोडतात, ते कापून जागी टाचणी किंवा बारीक तार बसवतात.

बाकी सामान इथलंच. दोन मिमीचा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) लेझरवर कापून घ्यायचा, कापल्यावर दोन्ही बाजूंना प्रायमर (रंगाआधीचा थर) मारायचा, नाहीतर जूनमध्ये तो पापडासारखा वळतो. पावसाळ्यात स्प्रे प्रायमर टाळलेलाच बरा, दमट हवेत त्यावर पांढरी खरखरीत साय येते, ब्रशने लावावा. शिपाई आइस्क्रीमच्या काड्यांवर फेविकॉलच्या थेंबाने तात्पुरते चिकटवून रंगवतात आणि मग सोडवून बेसवर फेविक्विकने पक्के करतात. त्यावर पाणी घातलेला फेविकॉल, चाळलेली वाळू, वाळली की गडद रंग आणि वरून जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका. वाळू चौपाटीची घेतली तर गोड्या पाण्याने तीन-चारदा धुवावी, मीठ राहिलं की बेसला ओल सुटते. रांगोळी बारीक वाळूचं काम झकास करते. किल्ल्यासाठी रंगवलेला भुसा गवत म्हणून वापरता येतो पण त्याला बुरशी लवकर धरते.

रंग कुठला? विकतच्या पाकिटातलं हिरवंगार गवत इंग्लंडचं आहे. आपल्याकडे मोहीम दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायची, म्हणजे लढाया बहुतांश कोरड्या दिवसांत: प्रतापगड १० नोव्हेंबर १६५९, उंबरखिंड फेब्रुवारीत, पानिपत १४ जानेवारी १७६१. तेव्हा घाटावरचं गवत पिवळं पडलेलं असतं, खाली काळी माती, कोकणात तांबडी. हिरवा बेस शोभतो तो पावनखिंडीला, ती जुलैची, आणि तिथे चिखलही हवा. कपड्यांच्या रंगांबद्दल एवढं ठाम बोलता येत नाही, मावळ्यांना गणवेश नव्हता, त्यामुळे पांढरे, मळकट, गेरूचे कपडे मिसळून रंगवणं सुरक्षित. शस्त्रांसाठी फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं शस्त्रदालन एकदा बघून यावं, ढालीवरची फुलं किती आणि कुठे बसतात ते फोटोत कळत नाही.

जतन

बेसखाली मॅग्नेटची शीट आणि तळाला पत्रा असलेला डबा, हे सगळ्यात टिकाऊ. जुन्या शिपायांच्या धातूत शिसं असतं आणि बंद लाकडी कपाटात, दमट हवेत, लाकडातून सुटणाऱ्या आम्ल वाफांनी त्यावर पांढरी भुकटी धरते. रंग आणि वार्निशचा अखंड थर असेल तर हे लांबतं. भुकटी दिसली तर तो शिपाई आधी बाजूला काढून हातमोजे घालून घासावा, कारण ती शिशाची असते आणि घरात लहान मुलं असतात. नव्या शिपायांत शिसं असेलच असं नाही, पण नव्याजुन्यांची सरमिसळ करून एका डब्यात ठेवू नये.