ॲक्टिव्हेशन 140 टक्के दाखवतंय? फोन करायच्या आधी हे वाचा

आमचं सॉफ्टवेअर ईएमजीवरून, म्हणजे त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडने टिपलेल्या स्नायूंच्या विद्युत सिग्नलवरून, स्नायू किती टक्के चालतोय (ॲक्टिव्हेशन) आणि किती फोर्स लावतोय ते काढतं. "ॲक्टिव्हेशन 100 च्या वर कसं गेलं, सॉफ्टवेअरमध्ये बग आहे का?" हा फोन आठवड्यातून एकदा तरी येतोच, कधी फिजिओ कॉलेजमधून, कधी पीएचडीवाल्यांचा, सबमिशनच्या दिवसांत तर रात्री 11 ला पण. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतोय. बग नाहीये, बहुतेक वेळा एमव्हीसी, म्हणजे पूर्ण जोर लावून घेतलेलं कमाल मोजमाप, गंडलेला असतो.

इलेक्ट्रोडला फोर्स कळत नाही हो, त्याला फक्त व्होल्टेज कळतं, तेही जेमतेम मिलिव्होल्टमध्ये, आणि त्वचेखाली चरबी किती, इलेक्ट्रोड बोटभर इकडे की तिकडे, यावर तो आकडा बदलत राहतो. म्हणून आधी माणसाला जीव तोडून जोर लावायला सांगायचं, तो एमव्हीसी, आणि बाकीच्या रेकॉर्डिंगला त्याने भागायचं. आता जोरच लाजत लाजत लावला असेल तर भागाकार मोठा येणार आणि पुढे फोर्स पण फुगणार.

मागच्या ऑक्टोबर छाटणीला द्राक्षबागेतल्या मजुरांच्या खांद्याचा डेटा आला होता. एमव्हीसीच्या वेळी मजूर नुसता हात वर धरून उभा, खाली दाबायला समोर कुणीच नाही. मग कात्री चालवताना डेल्टॉइड स्वतःच्या कमाल ताकदीच्या दीडपट निघाला! आमचे दोन दिवस गेले, त्यांना परत बागेत जावं लागलं ते वेगळंच.

तर हात किंवा पाय पट्ट्याने पक्का अडवा, हलता कामा नये. 3 ते 5 सेकंद पूर्ण जोर, असं तीनदा, मधे एक-दोन मिनिटं आराम, आणि शेजारी उभं राहून ओरडा, कबड्डीच्या मॅचला ओरडतो तसं, त्याने खरंच फरक पडतो. इलेक्ट्रोड निघाला आणि परत चिकटवला तर एमव्हीसी पण परत. कालचा आज चालत नाही.

काही जण म्हणतात दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असं दिसत नाही. 100 च्या वरचं गुपचूप कापून टाकलं तर कसं दिसेल? आम्ही मुद्दाम कापत नाही, लाल रंगात दाखवतो, नाहीतर चूक थेट थिसिसमध्ये जाते.

दुसरं म्हणजे कच्ची फाइल पाठवा, सेकंदाला निदान 1000 सॅम्पलची, 2000 असतील तर उत्तम. एन्व्हलप (सिग्नल गुळगुळीत करून काढलेली रेषा) काढून एक्सेलमध्ये पाठवलेल्या फाइलचं आम्ही काहीच करू शकत नाही, कारण एमव्हीसीला एक फिल्टर आणि ट्रायलला (प्रत्यक्ष कामाच्या रेकॉर्डिंगला) दुसरा लागला असेल तर तुलनाच संपली. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जरमुळे 50 हर्ट्झची गुणगुण येते. सांध्याच्या कोनाचा डेटा सोबत हवाच, कारण स्नायू किती ताणलेला आहे आणि किती वेगाने आखडतोय यावर पण फोर्स ठरतो, वेगाचं तर स्नायूंचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांचं समीकरण 1938 पासून सांगतंय. आणि इलिओसोअस (मांडी वर उचलणारा कंबरेतला स्नायू) खोलवर असतो, वरून चिकटवलेल्या इलेक्ट्रोडने त्याचा सिग्नल धड मिळत नाही, त्यामुळे तो आकडा आम्ही 'अंदाज' असं लिहूनच देतो.

नवीन लायसन्सवर पहिली एमव्हीसी फाइल आम्ही फुकट तपासून देतो. नाशिकमध्ये शनिवारी तुमच्या लॅबमध्ये येऊन करून पण दाखवतो, ओझर-सिन्नरपर्यंत गाडीभाडं घेत नाही. फक्त ज्याच्यावर करायचंय त्याला त्या दिवशी अंगाला तेल लावू देऊ नका, इलेक्ट्रोड टिकत नाहीत.