कुलूप कधी गळून पडतं? एसक्यूलाइटच्या बिघाडाची गोष्ट

अ‍ॅपमधला डेटा उडाला की खापर फुटतं डेटाबेसवर. मोबाइल अ‍ॅपमध्ये तो बहुधा एसक्यूलाइट असतो. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेला हा अख्खा डेटाबेस एकाच फाइलीत मावतो. अनेक थ्रेड्सचं, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांचं, त्याला वावडं नाही. 'डेटाबेस इज लॉक्ड' हा संदेशही बिघाडाचा नव्हे; बिझी टाइमआउट (कुलूप सुटायची वाट बघण्याची मुदत) ५००० मिलिसेकंद केला की बहुतेकदा भागतं.

खरी मेख युनिक्स-लिनक्सच्या कुलपांत, म्हणजे एक लिहीत असताना दुसऱ्याला फाइलीपासून रोखणाऱ्या 'लॉक'मध्ये आहे. पान (फाइलीचा ठरावीक आकाराचा तुकडा) बदलण्याआधी एसक्यूलाइट जुनं पान जर्नल फाइलीत ठेवतो आणि मूळ फाइलीच्या ठरावीक बाइट्सना कुलूप लावतो. ही जागा १ गिगाबाइटच्या खुणेपाशी असते, मग फाइल चार किलोबाइटची का असेना! पॉसिक्स या युनिक्स-घराण्याच्या मानकानुसार हे कुलूप थ्रेडचं नसून अख्ख्या प्रोसेसचं, म्हणजे चालू प्रोग्रॅमचं असतं. त्या प्रोसेसनं तीच फाइल दुसऱ्या कुठल्याही वाटेनं उघडून बंद केली, की त्या फाइलीवरची तिची सगळी कुलपं गळतात.

समजा, एक थ्रेड लिहितोय. दुसरा बॅकअपसाठी तीच फाइल साध्या 'ओपन'नं उघडतो, कॉपी करून 'क्लोज' करतो. पहिल्याचं कुलूप गेलं, त्याला पत्ताही नाही. तेवढ्यात आलेल्या दुसऱ्या प्रोसेसला जर्नल दिसतं, कुलूप दिसत नाही. आधीचा लिहिता लिहिता मेला असं समजून ती जुनी पानं परत टाकते. पहिला तर अजून लिहितोच आहे! निम्मी पानं नवी, निम्मी जुनी, आणि बी-ट्रीचे (पानं जोडणाऱ्या झाडासारख्या रचनेचे) दुवे भलतीकडेच. एसक्यूलाइट स्वतः उघडलेल्या फाइलींचा हिशेब ठेवतो, कुलूप असेतो 'क्लोज' लांबवतो. तुमच्या 'ओपन'ची त्याला खबर नसते. एकाच प्रोसेसमध्ये एसक्यूलाइटच्या दोन प्रती जोडल्या तरी हाच घोळ.

म्हणून बॅकअप घ्यायचा तो एसक्यूलाइटच्याच बॅकअप एपीआयनं किंवा 'व्हॅक्युम इंटू' या आज्ञेनं. दर थ्रेडला वेगळं कनेक्शन द्यावं, 'फोर्क'नंतर (प्रोसेसची जुळी प्रत काढल्यावर) जुनं वापरू नये. 'जर्नल' आणि 'वॉल' (नवे बदल आधी टिपून ठेवणारी सोबतची फाइल) फाइली कचरा समजून पुसणं म्हणजे बिघाडाला आमंत्रण.

दसऱ्याला सर्व्हरला झेंडू जरूर वाहा, कुलूप त्यानं टिकत नाही. 'शंभर टक्के डेटा परत' म्हणणारी सॉफ्टवेअरंही त्याच पंगतीतली.

दुरुस्तीआधी अ‍ॅप बंद करा, सोबतच्या फाइलींसकट प्रत काढा आणि प्रतीवरच 'इंटिग्रिटी चेक' (फाइल धड आहे का ते बघणारा तपास) चालवा. तो एरवी १०० चुकांवर थांबतो. दोष फक्त इंडेक्सचा (ओळी झटपट शोधायच्या सूचीचा) असेल तर ती नव्यानं बांधणारं 'रीइंडेक्स' पुरतं. नाहीतर 'रिकव्हर' कमांडनं निघालेलं एसक्यूएल (डेटाबेसच्या भाषेतल्या आज्ञा) कोऱ्या फाइलीत भरा. कुठल्या टेबलातल्या ते न कळणाऱ्या अनाथ ओळी 'लॉस्ट अँड फाउंड' टेबलात जातात, कधी पुसलेल्या ओळीही परत उगवतात. परकीय कळांची (एका टेबलातून दुसऱ्याकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यांची) तपासणी 'फॉरेन की चेक'नं वेगळी करावी लागते. 'इंटिग्रिटी चेक' त्यांच्याकडे बघत नाही.