खानदेशातील वैद्यक

खानदेशातील वैद्यक : उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधून वाहणाऱ्या तापी, गिरणा, पांझरा या नद्या, अशा प्रदेशात प्रागैतिहासिक काळापासून आजवर चालत आलेले उपचार, ते करणारी माणसे आणि त्यांनी तोंड दिलेले रोग यांचा इतिहास. आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे, नाशिक जिल्ह्यातील मालेगाव-बागलाणचा भाग आणि आता मध्य प्रदेशात असलेले बऱ्हाणपूर एवढा मुलूख या नोंदीत धरला आहे. वैद्यकाचा इतिहास सहसा ग्रंथांच्या आणि शोधांच्या क्रमाने सांगतात. खानदेशात मात्र कोणते पाणी पोटात गेले आणि औषधापर्यंत पोचायला किती कोस तुडवावे लागले, यावरच माणसाचे जगणे-मरणे अधिक ठरत आले. म्हणून येथे पाण्याला आणि वाटेला औषधाइतकीच जागा दिली आहे.

प्रागैतिहासिक काळ : चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे उत्तर पुराश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले आहेत, त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा मानतात. पुढे तापीकाठी प्रकाशे, गिरणाकाठी बहाळ, साक्री तालुक्यात कावठे अशा ताम्रपाषाणयुगीन वस्त्या झाल्या. शेती, गुरे आणि धान्याचा साठा आला, तसे दात किडणे आणि माणसापासून माणसाला लागणारे आजारही वाढले. दख्खनच्या याच काळातील इनामगाव (जि. पुणे) येथे लहान मुलांची दफने फार मोठ्या संख्येने मिळाली. मूल जगवणे हा त्या काळच्या घराघरातला प्रश्न होता, आणि सातपुड्यात तो अजून सुटलेला नाही.

पितळखोऱ्याचा राजवैद्य : चाळीसगावहून कन्नडकडे जाताना औट्रम घाट लागतो. त्याच डोंगररांगेत, घाटमाथ्यालगतच्या दरीत पितळखोऱ्याची लेणी आहेत. इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांतली ही बौद्ध लेणी पैठणहून उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवर कोरली गेली. तेथील ब्राह्मी लेखांत एका दात्याचे नाव आहे : वच्छीचा पुत्र मगिल, आणि त्याची ओळख ‘राजवेज’, म्हणजे राजवैद्य. शेजारच्या लेखांत त्याची मुलगी दता आणि मुलगा दतक यांचीही दाने नोंदलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याचे घरच त्या दगडावर उभे आहे. मगिलाने आईचे नाव लावले आहे, आणि लेकीचे दान लेकाच्या दानासारखेच स्वतंत्रपणे कोरले आहे. वैद्याच्या हाती लेण्याला दान देण्याइतका पैसा होता आणि राजदरबारी त्याला मान होता, हेही त्यातून कळते. येथेच पैठणच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या कुळाचे दानही आहे. औषधी मुळ्या, डिंक आणि सुवासिक द्रव्ये तेव्हा एकाच वाटेने फिरत, म्हणून गंधिक आणि वैद्य यांची नावे एकाच डोंगरात मिळावीत यात नवल नाही. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी चिकित्सा, औषधी वनस्पतींची लागवड आणि वाटेवरच्या विहिरी यांचा उल्लेख एकत्रच येतो. औषध, पाणी आणि वाट यांची ती सांगड पितळखोऱ्यापाशीही दिसते.

यादवकाळ : चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या संहितांवर उभे असलेले शास्त्र यादवांच्या काळात या मुलखात चांगलेच मुरले होते. देवळांच्या बांधणीमुळे लोकांना हेमाडपंत म्हणून ठाऊक असलेल्या हेमाद्रीने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. त्याच्या आश्रयाला असलेला बोपदेव वैद्याचा मुलगा होता आणि त्याने स्वतःही वैद्यकावर लिहिले. पाटण (म्हणजे वर आलेले पाटणे) येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्यासाठी मिळालेल्या दानाचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख तेथील पाटणादेवीच्या परिसरात आहे. लीलावतीच्या काही हस्तलिखितांच्या शेवटी एक श्लोक येतो. त्यात भास्कराचार्यांनी आठ व्याकरणे आणि वैद्यकाच्या सहा संहिता अभ्यासल्याचे म्हटले आहे. श्लोक मागाहून जोडलेला असला, तरी विद्वान म्हटला की त्याला वैद्यक आलेच पाहिजे, ही समजूत त्यातून स्पष्ट होते.

सातपुड्यातील उपचार : ग्रंथांच्या बाहेर, नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा या भागांत भिल्ल आणि पावरा समाजांचे वैद्यक पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले. आजाराचे कारण शोधणारा तो बडवा. झाडपाल्याची माहिती मात्र त्याच्या एकट्याची नसते. गुरे चारणाऱ्या पोरालाही चार मुळ्या ओळखता येतात. हगवणीवर पांढऱ्या कुड्याच्या सालीचा काढा, तापावर गुळवेल, सुजेवर निर्गुडीच्या पाल्याचा शेक, सांधेदुखीवर मोहाच्या टोळंबीचे, म्हणजे बियांचे, तेल ही नित्याची औषधे. कुड्याचे उदाहरण ध्यानात घेण्यासारखे आहे. चरकाने कुटज म्हणून अतिसारावर सांगितलेले झाड हेच. त्याच्या सालीतील कोनेसीन हे द्रव्य आमांशाच्या अमीबावर परिणाम करते, हे पुढे प्रयोगशाळेतही दिसून आले.

या वैद्यकाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. तान्ह्या पोराचे पोट फुगले की तापल्या लोखंडाने डाग देणे, साप चावल्यावर मंत्रात वेळ घालवणे यांनी असंख्य जीव घेतले. त्याहून क्रूर म्हणजे डाकीण ठरवणे. घरात मृत्यू झाला, गुरे मेली, की गावातल्या एखाद्या बाईवर, बहुधा विधवेवर किंवा जमीन नावावर असलेल्या बाईवर, बोट दाखवले जाते. तिला मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो अशा बायांच्या हाती आलेले मोठे शस्त्र आहे. झाडपाल्याच्या ज्ञानाचे कौतुक करताना या बायांचा विसर पडता कामा नये.

सपाटीच्या गावांत हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधून मोडलेला हात बसवी, वैदू जडीबुटी विकत फिरे, तुंबडी लावून रक्त काढले जाई आणि बाळंतपण सुईणीच्या हाती असे. बाजेखाली शेगडी, ओवा-शेपेची धुरी, डिंकाचे लाडू ही बाळंतिणीची निगा तिनेच सांभाळली. पण नाळ कापायचा विळा अस्वच्छ असला, तर आठवड्याभरात बाळाचे तोंड मिटे, अंग ताठ होई आणि ते दगावे. हा धनुर्वात थांबला तो गर्भारपणातील लस, सुईणींचे प्रशिक्षण आणि नाळ कापायला दिलेले नवे पाते यांमुळे. भारतातून नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये मान्य करण्यात आले.

बऱ्हाणपूर आणि युनानी : फारुकी सुलतानांच्या (१३८२–१६०१) आणि नंतर मोगलांच्या अमलात बऱ्हाणपूर ही खानदेशची राजधानी होती. अरबी-फारसी ग्रंथांतली युनानी चिकित्सा येथे हकिमांबरोबर आली आणि रुजली. आजही बऱ्हाणपूर, मालेगाव व अक्कलकुवा येथे युनानी वैद्यकाची महाविद्यालये आहेत. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मात्र बऱ्हाणपूरची खरी थोरवी कुंडी भंडाऱ्यात आहे. अब्दुल रहीम खानखानान या मोगल सरदाराच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपे जमिनीखालच्या बोगद्यांत अडवून, ओळीने खोदलेल्या कुंड्यांवाटे पाणी शहरात आणले गेले. जमिनीच्या पोटातून येणाऱ्या या पाण्यात वरची घाण मिसळत नसे. पटकीपासून (कॉलऱ्यापासून) शहर वाचवण्याचा याहून चांगला उपाय त्या काळी कोणत्याही हकिमाच्या पेटीत नव्हता.

त्याच शहरात १७ जून १६३१ रोजी मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात वारली. बादशहाच्या छावणीत हकीम होते, वैद्यकात जाणकार मानली जाणारी सतीउन्निसा ही तिची खास परिचारिका होती, तरी तिला वाचवता आले नाही. आधीच्याच वर्षी खानदेश-गुजरातेत भीषण दुष्काळ सुरू झाला होता. सुरतेहून आग्र्याला निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने नंदुरबारच्या वाटेवर पडलेली प्रेते पाहून लिहून ठेवली आहेत.

देवी, पटकी आणि नारू : साथीच्या रोगांना येथे देवतांची नावे मिळाली. देवीच्या रोगाची शीतला, पटकीची मरीमाय. चैत्र-वैशाखात खानदेशातल्या अनेक गावांत मरीमातेच्या नावाने बारागाड्या ओढतात : एकामागे एक जोडलेल्या गाड्या भगत कमरेला दोर बांधून ओढतो. पाण्यातून पसरणारी पटकी उन्हाळ्यात, आटत्या विहिरींच्या दिवसांत जोर करी, आणि मरीमातेचा हा उत्सवही त्याच दिवसांतला आहे.

नारूला देवीचे नाव नव्हते, तरी त्याच्याइतके शेतकऱ्याला छळणारे दुखणे क्वचितच असेल. समर्थांनी दासबोधात रोगांची जी यादी दिली आहे, तिच्यातही नारू आहेच. पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत उतरून पाणी भरण्याची पद्धत हे त्याचे मूळ. पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे सायक्लॉप्स नावाचे जीव पोटात जात, त्यांच्यातली नारूची अळी शरीरात वाढे आणि वर्षभराने घोट्यापाशी फोड येई. आग असह्य झाली की माणूस पाय पाण्यात बुडवी, फोड फुटे आणि हजारो अळ्या त्याच पाण्यात मिसळत. फोडातून पांढरा, दोऱ्यासारखा किडा डोके काढी. त्याचे टोक काडीला गुंडाळत आणि रोज थोडा थोडा, जेमतेम बोटभर, ओढून पीळ देत. हात भराहून लांब किडा निघायला कधी आठवडे लागत. मध्येच तुटला तर पाय सुजून पू होई आणि ऐन पेरणीत घरातला कर्ता माणूस खाटेवर पडे. या रोगावर औषध नव्हते, लस नव्हती. १९८० च्या दशकात देशभर मोहीम निघाली : पाणी दुहेरी कापडातून गाळा, बारवेच्या पायऱ्या बंद करून रहाट बसवा, हातपंप घ्या, पाण्यात औषध टाका. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. एक गोळीही न देता, केवळ पाणी भरण्याची रीत बदलून एक रोग हद्दपार झाला. या प्रदेशाच्या वैद्यकातले हे सर्वांत मोठे यश मानायला हवे.

ब्रिटिश अंमल : खानदेश १८१८ मध्ये कंपनीकडे गेला. देवीची लस त्याआधीच, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली होती; पुढे ती खेड्यापाड्यांत पोचली. टोचणारा सरकारी माणूस लोकांच्या तोंडी ‘देवी डॉक्टर’ झाला. तो आला की आया पोरे लपवत, शीतला कोपेल म्हणून. १९७५ मध्ये भारतातून देवीचा रोग गेला. त्याआधी जन्मलेल्यांच्या दंडावरचे गोल वण त्या मोहिमेची साक्ष देतात.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, तो रेल्वेने आत पसरला. भुसावळ आणि चाळीसगाव ही मोठी जंक्शने खानदेशातच असल्याने हा मुलूख सुटणे शक्य नव्हते. घरात उंदीर पडू लागले की गाव उठे आणि रानात झोपड्या टाकून राही. हे शहाणपण लोकांनी अनुभवातून मिळवले होते. वॉल्डेमार हाफकिनने १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली, पण ताप येतो म्हणून आणि सरकारची भीती म्हणून लोक ती टाळत. जळगावच्या साथीत बहिणाबाई चौधरींचा मुलगा ओंकार याला कायमचे अपंगत्व आले. १८९९-१९०० च्या छपन्याच्या दुष्काळानेही खानदेश पोळला, आणि १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा, म्हणजे लोकांच्या भाषेत मानमोडी, आली.

हिवताप आणि सिकलसेल : नवापूर, अक्कलकुवा, अक्राणी हा पट्टा हिवतापाचा. १९५३ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात घराच्या भिंतींवर डीडीटी हे कीटकनाशक फवारले जाऊ लागले आणि ताप ओसरला. पण या तापाची फार जुनी खूण आदिवासींच्या रक्तात राहिली आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे जनुक एकाच पालकाकडून आले तर माणूस वाहक होतो. त्याला सहसा त्रास होत नाही आणि घातक हिवतापापासून बालपणी काहीसे संरक्षण मिळते. म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या हे जनुक टिकले. दोन्ही पालकांकडून आले तर मात्र तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हातापायांत आणि पोटात असह्य कळा येतात, रक्त कमी होते. नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल आणि पावरा समाजांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने कळांचे झटके कमी होतात. लग्नाआधी दोघांच्या रक्ताची तपासणी हा खरा उपाय, पण ‘वाहक’ हा शब्द मुलीच्या कपाळी ठपका होऊन बसू नये, ही काळजी कार्यकर्त्यांना सतत घ्यावी लागते.

आधुनिक संस्था आणि अंतर : स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रे आली. चिंचपाडा (ता. नवापूर) येथे ख्रिस्ती रुग्णालय आहे. धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयानंतर जळगावला २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, मोठी शहरे ऑक्सिजनसाठी वणवण करत असताना नंदुरबारकडे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे स्वतःचे प्रकल्प तयार होते. ते उभारून घेणारे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे साक्री तालुक्यातील सामोडे येथील भिल्ल कुटुंबात वाढलेले आणि स्वतः वैद्यकीय पदवीधर. मुलूख आणि शरीर दोन्ही ठाऊक असलेला माणूस जागेवर असला, की काय होते ते त्या वर्षी दिसले.

नर्मदाकाठची मणिबेलीसारखी गावे सरदार सरोवराच्या पाण्याने वेढली गेली आणि जुन्या वाटा बुडाल्या. तेथे आता बोटीवरचा तरंगता दवाखाना फिरतो : लसीकरण, तपासणी, गोळ्या. बोट काठाला लागते. डोंगरातल्या पाड्यावरून खाली उतरायचे ते रुग्णालाच. बाळंतीण अडली तर बांबूला बांधलेल्या झोळीत, चौघांच्या खांद्यावर.