पैसे भरून क्रेडिट स्कोअर ‘साफ’ होतो का?

‘पाच हजार भरा, सात दिवसांत सिबिल साफ, जुनी थकबाकीही पुसली जाईल’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. कर्ज नाकारलं गेलेल्या माणसाला तो खरा वाटणं स्वाभाविक आहे. पण तसं होत नाही.

तुमची कर्जफेड कशी आहे ते सांगणारा हा स्कोअर (३०० ते ९००) ज्या नोंदींवरून निघतो, त्या बँक पाठवते. बँकेने दुजोरा दिल्याशिवाय या नोंदी ठेवणारी क्रेडिट कंपनीही (सिबिल ही त्यातलीच एक) त्या बदलू शकत नाही. मग मधला एजंट कुठून बदलणार? खरी थकबाकी पुसता येत नाही. चुकीची नोंद मात्र सुधारते, आणि तीही फुकट.

स्वतःच पाहा. भारतातल्या चारही क्रेडिट कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात. त्यात प्रत्येक कर्जासमोरचा शेरा वाचा. फेडलेलं कर्ज अजून चालू दिसतंय? बँकेचा ‘नो ड्यूज’ दाखला जोडून कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागायला हवा. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. ‘सेटल्ड’ (म्हणजे पूर्ण रकमेऐवजी कमी रकमेवर तडजोड झालेली) असा शेरा असेल, तर उरलेल्या रकमेबद्दल थेट बँकेशीच बोला.

एजंट आधी पैसे, पॅन आणि ओटीपी मागतो. ओटीपी तर कृपा करून देऊ नका. त्यावर तुमच्या नावाने नवं कर्ज निघू शकतं.