एकाच धांड्यात भाकर, कडबा आणि विष

ज्वारीच्या एका धांड्यावर माणूसही जगतो आणि बैलही. कणीस आपल्या वाट्याला, कडबा गोठ्यात. सोयाबीननं विदर्भातली ज्वारी बरीच मागं सारली, तरी अकोला-यवतमाळकडच्या गावांत कुणी ना कुणी घरच्या भाकरीपुरती आणि ढोरांच्या वैरणीपुरती पेरतोच. सजीवांचं रसायनशास्त्र समजून घ्यायला तेवढी ज्वारी पुरते.

वाळलेल्या धांड्याच्या वजनात साधारण ४५ टक्के कार्बन, जवळपास तेवढाच ऑक्सिजन आणि ६ टक्के हायड्रोजन भरतो. उरलेल्या थोडक्यात नायट्रोजन, पोटॅश, सिलिका, फॉस्फरस वगैरे. काळ्या मातीचं आपण कितीही कौतुक केलं, तरी यातला कार्बन मातीतून आलेला नसतो. तो हवेतला. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, पानं तो ओढून घेतात आणि उन्हाच्या जोरावर, मुळांनी वर चढवलेल्या पाण्याच्या मदतीनं त्याची साखर करतात. मातीकडून येतात ती खनिजं आणि नायट्रोजन. युरियाचं पोतं फोडायचं ते या नायट्रोजनसाठीच.

साखरेतला महत्त्वाचा रेणू ग्लुकोज: ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. झाड याच ग्लुकोजच्या दोन तऱ्हेच्या लांबच लांब साखळ्या करतं. दाण्यात स्टार्च, धांड्यात सेल्युलोज. माल एकच, जोडणी निराळी. स्टार्चमध्ये सगळे ग्लुकोज एकाच अंगानं जोडलेले असतात. सेल्युलोजमध्ये एक सुलटा, पुढचा उलटा, असं शेवटपर्यंत. त्यामुळे स्टार्चची साखळी वळत जाते, सैल राहते, शिजवली की तिच्यात पाणी शिरतं. सेल्युलोजच्या साखळ्या मात्र सरळसोट असतात आणि तुराट्यांच्या मोळीसारख्या एकमेकींना घट्ट भिडतात. कापसाचा धागा ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोजच असतो. म्हणजे बोंडातला कापूस आणि ताटातली भाकर, मुळात दोन्ही ग्लुकोज!

विश्वास बसत नसेल तर मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणा. ज्वारीच्या पिठावर थेंब टाकला की पीठ काळंनिळं होतं, कारण आयोडीन स्टार्चच्या वळणांत जाऊन बसतं. कापसाच्या बोळ्यावर तोच थेंब तपकिरीच राहतो. आणखी सोपं म्हणजे, भाकरीचा कोरडा घास गिळायची घाई न करता चावत राहा. थोड्या वेळानं गोडसर लागतो, कारण लाळेतलं अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) स्टार्चची साखळी तोडू लागतं. हुरड्याची गोडी उलट बाजूनं येते. दाणा चिकात असताना त्यातली बरीच साखर अजून साखळीत ओवली गेलेली नसते. आठवड्याभरात ती ओवली जाते, मग तोच दाणा कितीही भाजा, हुरड्याची मजा येत नाही.

सेल्युलोजची उलटसुलट जोड तोडणारं विकर माणसाकडे नाही. गंमत म्हणजे बैलाकडेही नाही. बैलाच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्मजीव असतात, ते हे काम करतात. कडबा फोडून, आंबवून ते त्याची आम्लं बनवतात. त्यातलं मुख्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच. बैलाला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा या आम्लांतून येतो. मिथेन वायू ढेकरांवाटे बाहेर जातो. आपण बैलाला वैरण घालतो असं म्हणतो खरं, पण पहिली पंगत या सूक्ष्मजीवांची. वखर ओढण्याचं बळ त्यांच्या उष्ट्यातून येतं.

आता विष. कोवळी ज्वारी खाऊन ढोर तडफडल्याचं गावोगाव माहीत असतं. त्याला किराळ लागणं म्हणतात. इजिप्तमध्येही कोवळ्या ज्वारीनं जनावरं दगावत. १९०२ मध्ये डन्स्टन आणि हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून त्याचं कारण वेगळं काढलं: धुरिन. हा रेणूही कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि एका नायट्रोजनचाच. परका अणू एकही नाही. झाड तो टायरोसिन या अमिनो आम्लापासून, म्हणजे प्रथिनांच्या एका घटकापासून, बनवतं आणि वर एक ग्लुकोज जोडून ठेवतं. या रूपात तो झाडाला बाधत नाही. त्याला फोडणारं विकर झाड दुसऱ्या पेशींमध्ये ठेवतं. पान चावलं गेलं की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. किडीपासून बचावासाठी ही युक्ती चोख आहे.

पण बैलाच्या बाबतीत आणखी एक घात होतो. धुरिनमधला ग्लुकोज ज्या जोडीनं बसलेला असतो, ती सेल्युलोजमधल्यासारखीच उलट्या तऱ्हेची असते. पोटातले सूक्ष्मजीव ती तोडण्यात पटाईत. कडब्याचं अन्न करणारी हीच मंडळी कोवळ्या पानातलं विष मोकळं करतात. म्हणून एका पोटाच्या घोड्यापेक्षा गाय-बैलांना धोका जास्त.

सायनाइड पेशीतल्या श्वसनाच्या शेवटच्या विकरातल्या लोहाला चिकटतो. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. म्हणून अशा ढोराचं रक्त सुरुवातीला उलट जास्तच लालभडक दिसतं. डॉक्टर शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतात. पहिलं रक्तातल्या काही हिमोग्लोबिनचं रूप पालटून सायनाइडला तिकडे ओढून घेतं. दुसरं त्याला गंधकाचा एक अणू देतं, तेवढ्यानं त्याचं थायोसायनेट होतं आणि ते लघवीतून निघून जातं. मात्र हे तासाभराच्या आत व्हावं लागतं, बरेचदा त्याहून लवकर.

धुरिन कोवळ्या रोपात आणि कापणीनंतरच्या फुटव्यांत सर्वांत जास्त असतं. पावसाचा खंड पडला किंवा युरिया जास्त झाला की आणखी वाढतं. फुलोऱ्यानंतर ते उतरत जातं, आणि कापून नीट वाळवलेल्या कडब्यात धोका फारसा उरत नाही. पावसाच्या ताणानं गुडघाभरच राहिलेल्या ज्वारीत ढोर सोडायचं नाही, हे जुन्या माणसांना धुरिनचं नाव न ऐकताही ठाऊक होतं.